मुदत कोणी वाढवली?

२८ ऑक्टोबर २०१६. संध्याकाळी सहाच्या सुमारास फेडेक्स कंपनीचं एक मालवाहू विमान अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल विमानतळावर उतरलं. मेम्फिसहून आलेलं, तीन इंजिनांचं, एमडी-१० जातीचं विमान. कॉकपिटमध्ये दोन वैमानिक, मागे नुसता माल. उतरणं रोजच्यासारखं होतं. विमान आपटलं नाही, उसळलं नाही, धावपट्टी चुकलं नाही. धावपट्टीवर वेग कमी होत असताना त्याचा डावा पाय, म्हणजे डावं मुख्य लँडिंग गिअर, मोडला. डावं इंजिन आणि डावा पंख जमिनीला घासत गेले, इंधनाने पेट घेतला आणि विमान धावपट्टीच्या कडेला जळत थांबलं. दोन्ही वैमानिक जिवंत बाहेर पडले.

अशा अपघातांवर बोलताना एक मत हमखास ऐकू येतं. विमान १९७२ सालचं, म्हणजे ४४ वर्षांचं होतं. एवढं जुनं यंत्र कधीतरी मोडणारच. आत माल होता, प्रवासी नव्हते. वैमानिकांनी प्रसंग निभावला आणि कोणी मेलं नाही. शिवाय देखभालीचं वेळापत्रक कंपनीने चोरून केलं नव्हतं, सगळं नियमांच्या चौकटीतच होतं. मग दोष द्यायचा कोणाला? झालं ते दुर्दैव, आणि टळलं ते सुदैव.

हे मत मांडणाऱ्यांत विमानक्षेत्राशी अनेक वर्षं संबंध असलेले लोकही असतात, म्हणून ते मत झटकून टाकण्यासारखं नाही. त्यातली काही विधानं सुटी सुटी तपासली तर खरीही आहेत. विमान ४४ वर्षांचं होतं हे खरं. कोणी मेलं नाही हेही खरं. पण या विधानांच्या जोरावर काढलेला निष्कर्ष, की हा अपघात कोणाच्या निर्णयाचा परिणाम नव्हता, साफ चुकीचा आहे. एवढंच नाही, तर पुढचा अपघात होऊ द्यायची सगळी तयारी त्या निष्कर्षात आहे.

वयाचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो सर्वांत पटकन पटतो. विमानाचं वय आणि विमानाच्या एखाद्या भागाचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या विमानाचं लँडिंग गिअर ठरावीक मुदतीनंतर विमानापासून काढलं जातं आणि ओव्हरहॉलसाठी कार्यशाळेत पाठवलं जातं. तिथे ते पूर्ण सुटं होतं. रंग काढतात, जुना मुलामा उतरवतात, उघड्या पडलेल्या पोलादावर चुंबकीय कणांनी किंवा झिरपणाऱ्या रंगद्रव्याने चिरा शोधतात, झिजलेले बुश बदलतात, नवा मुलामा देतात आणि मग सगळं पुन्हा जुळवतात. थोडक्यात, विमान ४४ वर्षांचं असलं तरी त्याचा पाय कितपत भरवशाचा आहे हे ठरतं शेवटचं ओव्हरहॉल कधी झालं आणि कसं झालं यावरून. फोर्ट लॉडरडेलच्या त्या डाव्या गिअरचं शेवटचं ओव्हरहॉल २००८ मध्ये झालं होतं. चौकशीत महत्त्वाचा ठरला तो हा आकडा. १९७२ हे साल बातमीच्या मथळ्यात शोभलं, तपासाला त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

वय हेच कारण असतं तर तरुण विमानांना हा आजार जडायला नको होता. ८ मे २०२४ रोजी पॅरिसहून निघालेलं फेडेक्सचंच बोइंग ७६७ मालवाहू विमान इस्तंबूलला पोहोचलं तेव्हा त्याचं नाकाखालचं गिअर बाहेर आलंच नाही. मागची चाकं टेकवून वैमानिकांनी नाक अलगद धावपट्टीवर टेकवलं, ठिणग्या उडाल्या, विमान थांबलं आणि दोघेही सुखरूप उतरले. ते विमान जेमतेम १० वर्षांचं होतं. एका उदाहरणाने सिद्धांत बनत नाही हे मान्य. पण ‘म्हातारं विमान म्हणून मोडलं’ हे एका वाक्यातलं उत्तर किती अपुरं आहे हे दाखवायला एक उदाहरण पुरेसं आहे.

आता मोडलेल्या पायाकडे पाहू. मुख्य लँडिंग गिअरचा खांब म्हणजे एकात एक सरकणारी दोन पोलादी नळकांडी. बाहेरचं सिलिंडर वर विमानाच्या सांगाड्याला जोडलेलं, आतला पिस्टन खाली चाकांना. दोहोंच्या आत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन. चाकं टेकली की पिस्टन वर सरकतो, तेल अरुंद वाटेतून ढकललं जातं आणि धक्का जिरतो. शंभर टनांहून जड विमानाचा हा भार पेलणारं पोलाद अतिशय कणखर असतं, पण त्या कणखरपणाची एक किंमत असते. पोलाद जितकं जास्त ताकदीचं, तितकं ते पृष्ठभागावरच्या बारीकशा खड्ड्याला, ओरखड्याला हळवं असतं. ताण त्या खड्ड्यापाशी एकवटतो. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, त्या तऱ्हेने प्रत्येक उड्डाणागणिक तिथे चीर थोडी थोडी वाढत जाते. यालाच धातूचा थकवा, कार्यशाळेच्या भाषेत फटीग, म्हणतात.

हा खड्डा पडू नये म्हणून पोलादावर कॅडमिअमचा पातळ मुलामा असतो. ओलावा आला की आधी कॅडमिअम गंजतं आणि स्वतःच्या जिवावर पोलाद वाचवतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, फोर्ट लॉडरडेलच्या अपघाताचं जे कारण नोंदवलं ते असं: डाव्या गिअरमध्ये थकव्याची चीर होती; ती गंजाच्या एका खड्ड्यापासून सुरू झाली; जिथे कॅडमिअमचा मुलामा असायला हवा होता तिथे तो नव्हता. मुलामा का नव्हता हे हाती असलेल्या पुराव्यांवरून ठरवता आलं नाही, असंही मंडळाने सांगितलं. इथवर वाचून ‘दुर्दैव’वाले म्हणू शकतील, की पाहा, मुलामा कुठे गेला हे तज्ज्ञांनाही कळलं नाही, मग कंपनीने काय करायचं होतं?

पण मंडळ तिथे थांबलं नाही. अपघाताला हातभार लावणारं कारण म्हणून त्याने कंपनीच्या ओव्हरहॉलच्या मुदतीकडे बोट दाखवलं. ही मुदत विमानाच्या उत्पादकाने सुचवलेल्या मुदतीपेक्षा जास्त होती, आणि चीर तुटण्याच्या टोकाला पोहोचण्याआधी ती सापडेलच अशी खात्री देणारी पुरेशी माहिती आणि विश्लेषण या वाढीव मुदतीच्या पाठीशी नव्हतं, असं मंडळाचं म्हणणं. उत्पादकाची शिफारस होती ८ वर्षांची. कंपनीने धरली होती ९ वर्षं. गिअर मोडलं तेव्हा शेवटच्या ओव्हरहॉलला ८ वर्षं ७ महिने झाले होते.

म्हणजे कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे सगळं वेळेवर होतं, उत्पादकाच्या वेळापत्रकाप्रमाणे ते गिअर काही महिन्यांपूर्वीच विमानापासून उतरून कार्यशाळेत जायला हवं होतं. ते मोडलं या दोन तारखांच्या मधल्या फटीत. ही फट निसर्गाने पाडलेली नाही. कोणीतरी कागदावर ८ च्या जागी ९ लिहिलं, कोणीतरी ते तपासलं आणि कोणीतरी त्याला हरकत घेतली नाही.

यावर एक वजनदार प्रतिप्रश्न येतो आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. आठ वर्षांनी ओव्हरहॉल झालं असतं तर चीर सापडलीच असती, हे कशावरून? तसं शपथेवर कोणीही सांगू शकत नाही. पण आठ वर्षांची मर्यादा पाळली असती तर अपघाताच्या सात महिने आधी ते सिलिंडर उघडं पडलं असतं, त्याचा मुलामा उतरवला गेला असता आणि चिरा शोधणाऱ्या माणसाच्या हातात ते आलं असतं. मुलामा नसलेली जागा, गंजाचा खड्डा आणि त्यातून निघालेली चीर सापडण्याची ती एकमेव खरी संधी होती. विमान विमानतळावर उभं असताना, बाहेरून बॅटरी मारून, रंगाखालचा असा खड्डा दिसत नाही. संधी घेऊनही अपयश आलं असतं, ही शक्यता उरते. पण संधीच पुढे ढकलायची आणि मग ‘तरीही काही सापडलं नसतं’ म्हणायचं, याला युक्तिवाद म्हणता येत नाही.

इथे गिअरच्या आयुष्याचा हिशेब कसा मांडतात हे समजून घ्यायला हवं, कारण सगळा वाद तिथेच सुटतो. विमानाच्या कवचात, पंखाच्या पत्र्यात चीर आली तरी ती बराच काळ सावकाश वाढते, मधल्या तपासण्यांत सापडते. लँडिंग गिअरच्या कडक पोलादात ही चैन नसते. तिथे चीर नजरेस येण्याइतकी मोठी होते तोवर तुटण्याची घटका जवळ आलेली असते. म्हणून अशा भागांचं आयुष्य आधीच बांधून दिलेलं असतं: इतकी उड्डाणं झाली की भाग बाद, दिसायला तो कितीही धडधाकट असो. पण हा सारा हिशेब पृष्ठभाग निकोप आहे असं गृहीत धरून केलेला असतो. गंजाचा एक खड्डा पडला की गृहीतक कोसळतं आणि चिरेचा जन्म कितीतरी आधी होतो. ओव्हरहॉलची वर्षांत मोजलेली मुदत आहे ती याच धोक्यासाठी. ती मुदत वाढवताना, मुलाम्यात एखादी जागा उघडी राहिली तर काय होईल, याचं उत्तर आधी द्यावं लागतं.

मुदत वाढवण्याच्या बाजूने एक व्यवहारी मुद्दा नेहमी मांडला जातो. एक्स्प्रेस मालवाहतुकीची विमानं प्रवासी विमानांपेक्षा कमी उडतात. रात्री मेम्फिससारख्या केंद्रावर जमतात, माल बदलतात, पहाटे परततात, आणि दिवसाचा मोठा भाग उभी असतात. उड्डाणं कमी, म्हणजे धक्के कमी, म्हणजे झीज कमी. मग वर्षभर जास्त चालवायला काय हरकत आहे?

हरकत अशी, की थकवा उड्डाणं मोजतो आणि गंज दिवस मोजतो. ओलावा, खारी हवा, धुण्याची रसायनं, हिवाळ्यात धावपट्टीवर बर्फ वितळवायला टाकलेली द्रव्यं, ही विमान उडालं की नाही याची वाट पाहत नाहीत. उभ्या विमानावरही त्यांचं काम चालूच असतं. कमी उडणाऱ्या विमानाला उड्डाणांच्या मोजणीत सूट देता येईल, पण वर्षांच्या मोजणीत तीच सूट द्यायची तर गंजाबद्दलचा स्वतंत्र पुरावा लागेल. फोर्ट लॉडरडेलला वाढवलं गेलं ते वर्षांचं माप, आणि चीर सुरू झाली ती गंजाच्या खड्ड्यापासून.

मुदत वाढवणं मुळातच गैर आहे, असा या प्रतिवादाचा दावा नाही. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्या आपला देखभाल कार्यक्रम अनुभवाच्या आधारे बदलत असतात, एफएए ही नियामक यंत्रणा त्यावर देखरेख ठेवते, आणि अनेक भागांच्या मुदती अशाच सुरक्षितपणे वाढलेल्या आहेत. एखादा भाग दरवेळी उघडल्यावर ठणठणीत निघतो, अशा शेकडो नोंदी जमतात, मग मुदत थोडी ताणली जाते. ही रीत शहाणपणाची आहे. पण तिचा सगळा डोलारा त्या नोंदींवर उभा आहे. नोंदी आणि त्यांचा अभ्यास नसेल तर उरतं फक्त ताणणं. एनटीएसबीने ठेवलेला ठपका नेमका इथे आहे. त्यामुळे ‘सगळं नियमांत होतं’ हे उत्तर कंपनीची बाजू सावरत असलं तरी व्यवस्थेची बाजू आणखी लंगडी करतं. पुरेशा पुराव्याशिवाय लांबलेली मुदत नियमांत बसत असेल, तर नियमांकडे पाहायची वेळ आली आहे.

याच कंपनीला या जातीच्या विमानाने आधी इशाराही दिला होता. २८ जुलै २००६ रोजी मेम्फिसला उतरल्यावर फेडेक्सच्याच एका एमडी-१० चं डावंच मुख्य गिअर मोडलं होतं. तिथेही कारण थकव्याची चीर. सिलिंडरमध्ये वायू भरण्याच्या व्हॉल्व्हसाठी एक भोक असतं. देखभालीदरम्यान मुलामा देताना निकेल भटकून त्या भोकात गेलं आणि तिथून चीर सुरू झाली. निकेल तिथे जाऊ नये याची काळजी घेणारी कार्यपद्धत अपुरी होती, असा एनटीएसबीचा निष्कर्ष.

या उदाहरणाचा उलटा अर्थही लावला जातो. ओव्हरहॉलमध्येच चूक झाली, मग ओव्हरहॉल जितकं कमी तितकं बरं, असं म्हणणारे आहेत. यंत्राला विनाकारण हात लावू नये या कारागिरांच्या जुन्या समजुतीत तथ्य आहेच. पण २००६ ने शिकवलं ते वेगळं. या सिलिंडरच्या पृष्ठभागावर मुलाम्याचा बारीकसा दोषही प्राणघातक ठरू शकतो, हे तेव्हा मेम्फिसच्या धावपट्टीवर सिद्ध झालं. निकेल नको तिथे असणं आणि कॅडमिअम हवं तिथे नसणं हे दोन वेगळे दोष आहेत, पण दोन्ही मुलाम्याचे आहेत आणि दोन्हींनी एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या विमानाचा डावा पाय मोडला. इतकं कळल्यावर त्या पृष्ठभागावर अधिक वेळा नजर टाकण्याचं कारण मिळतं. काम वाईट झालं तर उपाय काम नीट करणं हा आहे.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं, की गिअर मोडलं म्हणजे प्रत्येक वेळी देखभालच दोषी असते असं नाही. १८ डिसेंबर २००३ रोजी त्याच मेम्फिसला, त्याच कंपनीच्या आणखी एका एमडी-१० चं उजवं मुख्य गिअर मोडलं आणि विमान पेटलं. आत सात जण होते, सगळे वाचले. तिथे पोलादात खोट नव्हती. आडव्या वाऱ्यात विमान धावपट्टीच्या रेषेत आणणं आणि खाली येण्याचा वेग वेळेत आवरणं सहवैमानिकाला जमलं नाही, आणि कॅप्टनने वेळेवर हस्तक्षेप केला नाही, असं चौकशीत ठरलं. एकाच कंपनीत, एकाच जातीच्या विमानात, १३ वर्षांत तीन गिअर मोडली आणि तिन्हींची मुळं वेगळी निघाली: एकदा उतरवण्याची पद्धत, एकदा भटकलेलं निकेल, एकदा गंज आणि लांबलेली मुदत. तिन्हींना ‘जुनं विमान’ ही एकच चिठ्ठी चिकटवली असती तर यातलं एकही मूळ हाती लागलं नसतं.

दुसरा एक दिलासा वारंवार दिला जातो, तो पर्यायी व्यवस्थेचा. विमानात प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीला जोड असते, एक बंद पडली तर दुसरी आहे, म्हणून गिअरच्या बिघाडाची फार धास्ती नको. ४ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री टेनेसीतल्या चॅटनूगा इथे या दिलाशाची परीक्षा झाली. फेडेक्सचं बोइंग ७५७ मेम्फिसकडे निघालं. उड्डाणानंतर डाव्या हायड्रॉलिक प्रणालीतलं तेल एका होजमधून गळून गेलं. वैमानिक परत फिरले. नेहमीच्या रीतीने गिअर उतरेना. मग त्यांनी पर्यायी व्यवस्थेचं बटण वापरलं. तीही चालली नाही, कारण तिच्या विद्युत जोडणीतली एक तार तुटलेली होती. विमान पोटावर उतरलं, घसरत धावपट्टीच्या टोकापलीकडे गेलं. तिघे जण आत होते, तिघेही वाचले.

तुटलेली तार त्या रात्रीच तुटली असली पाहिजे असं नाही, आणि धोका इथेच आहे. रोज वापरात असलेली व्यवस्था बिघडली की लगेच कळतं. पर्यायी व्यवस्था वापरलीच जात नाही, म्हणून ती मेली तरी कोणाला पत्ता लागत नाही. तिची खात्री मुद्दाम, ठरावीक काळाने, चालवून पाहूनच करावी लागते. म्हणजे पर्यायी व्यवस्थाही शेवटी मुदतीच्याच प्रश्नापाशी येते: ती किती दिवसांनी तपासायची आणि हा आकडा कशाच्या आधारे ठरवायचा. दोन व्यवस्था आहेत म्हणून निर्धास्त राहणाऱ्याकडे, दुसरी तपासलेली नसेल तर, प्रत्यक्षात एकच असते.

आता सर्वांत टोचणारा मुद्दा. ‘आत फक्त माल होता.’

मालवाहू विमान कोणी माणूसच उडवतो. २३ मार्च २००९ रोजी टोकियोच्या नरिता विमानतळावर फेडेक्सचं एमडी-११ उतरताना उसळलं, पुन्हा आपटलं, डाव्या गिअरमधून आलेला भार पंखाला पेलला नाही, पंख तुटला आणि विमान उलटून पेटलं. दोन्ही वैमानिक मरण पावले. त्यांच्या घरच्यांना मागे माल होता की प्रवासी, याने काही फरक पडला नसेल.

शिवाय मालवाहू विमान वेगळ्या आकाशातून उडत नाही. फोर्ट लॉडरडेल हा प्रवाशांनी गजबजलेला विमानतळ आहे. ज्या धावपट्टीवर ते विमान पेटलं त्याच धावपट्टीवर सुट्टीला निघालेल्या कुटुंबांची विमानं उतरतात. आणि माल वाहणारं विमान शहरावर पडलं तर काय होतं हे ॲमस्टरडॅमने पाहिलं आहे. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी एल अल कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ स्किपॉलहून उडालं. उजव्या पंखाखालचं आतलं इंजिन आपल्या आधारासकट सुटलं, जाताना शेजारचं इंजिनही घेऊन गेलं. विमान बाइलमरमेअर भागातल्या राहत्या इमारतींवर कोसळलं. ४३ जण मेले, त्यातले ३९ जमिनीवर, आपापल्या घरांत किंवा घरांभोवती होते. इंजिनाचा आधार पंखाला जोडणाऱ्या खिळीतली थकव्याची चीर हे त्यामागचं संभाव्य कारण मानलं गेलं.

या घटनेचा आणखी एक धागा आहे. त्याआधी जेमतेम नऊ महिने, २९ डिसेंबर १९९१ रोजी, तैवानमध्ये चायना एअरलाइन्सचं मालवाहू ७४७ याच तऱ्हेने, तेच तिसऱ्या क्रमांकाचं इंजिन आधारासकट गमावून, एका डोंगरावर कोसळलं होतं. पाच कर्मचारी गेले. जमिनीवर कोणी मेलं नाही. पुढच्या वेळी विमानाखाली डोंगर नव्हता, वस्ती होती. मालवाहू विमानाच्या अपघाताला कमी महत्त्वाचा मानण्याची सवय किती महाग पडू शकते, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळतं. धातूला मागे काय भरलं आहे ते ठाऊक नसतं. जे सिलिंडर, जी खिळी, जी तार मालवाहू विमानात दगा देते, तीच तशाच प्रवासी विमानात असते. मालवाहू विमानात मिळालेला इशारा हा सगळ्या ताफ्याला मिळालेला इशारा असतो.

तरीही अमेरिकेतल्या नियमांनी मालवाहू वैमानिकांना वेगळी फूटपट्टी लावलेली आहे. वैमानिकांच्या कामाचे तास आणि विश्रांती यांचे नवे, कडक नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले, पण ते प्रवासी कंपन्यांपुरते. मालवाहू कंपन्यांना त्यातून वगळण्यात आलं. रात्रीच्या अंधारात सर्वाधिक उडणाऱ्या वैमानिकांनाच विश्रांतीच्या नियमातून बाहेर ठेवलं गेलं. ‘आत फक्त माल होता’ हे वाक्य म्हणजे गप्पांतलं निरुपद्रवी मत नव्हे. ते नियमांच्या मसुद्यापर्यंत पोहोचलेलं आहे, आणि म्हणूनच त्याला जागच्या जागी उत्तर देणं भाग आहे.

वैमानिकांच्या कौतुकाबद्दल दुमत नाही. इस्तंबूलला नाक टेकवणाऱ्यांनी, चॅटनूगाला अंधारात पोटावर उतरणाऱ्यांनी, फोर्ट लॉडरडेलला जळत्या विमानातून बाहेर पडणाऱ्यांनी जे केलं ते थंड डोक्याचं, सरावाचं, मोलाचं काम होतं. पण या कौतुकाचा उपयोग चौकशीचा सूर मवाळ करायला होतो तेव्हा तो वैमानिकांवरच अन्याय ठरतो. त्यांना त्या प्रसंगात ढकललं कोणी, हा प्रश्न कौतुकाच्या टाळ्यांत बुडता कामा नये. वैमानिकाचं कौशल्य ही शेवटची भिंत आहे. ती टिकली म्हणून आधीच्या भिंती का पडल्या हे विचारायचं थांबवलं, तर एक दिवस नरिताचा दिवस उजाडतो.

आणि शेवटचा आक्षेप: आता हे उगाळायचं कशाला? फेडेक्सने आपली एमडी-१० विमानं २०२२ अखेर निवृत्त केली. ते गिअर, ते सिलिंडर, तो ताफा आता उडत नाही.

विमानं निवृत्त झाली, मुदती ठरवण्याची पद्धत निवृत्त झाली नाही. प्रवासी म्हणून आयुष्य काढलेली विमानं मालवाहू करून पुन्हा वापरायची रीत आज जोरात आहे. बोइंग ७३७-८०० आणि एअरबस ए३२१ यांची रूपांतरं जगभर होत आहेत. अशा विमानाच्या मुख्य डेकवर मोठा दरवाजा कापला जातो, आसनं काढली जातात, फरशी मजबूत केली जाते. एमडी-१० ला तर जुन्या डीसी-१० पेक्षा नवं कॉकपिट मिळालं होतं, तिघांच्या जागी दोघांनी उडवता येण्याजोगं. हे सगळं डोळ्यांना दिसतं. सिलिंडरच्या आत मुलामा शाबूत आहे का हे मात्र ओव्हरहॉलच्या मेजावरच दिसतं, आणि त्या मेजावर गिअर कधी पोहोचायचं हे या नव्या मालवाहू विमानांसाठी आजच कुठल्या ना कुठल्या कार्यालयात ठरत आहे.

म्हणून मागणी नेमकी आणि साधी आहे. उत्पादकाच्या शिफारशीपलीकडे लँडिंग गिअरची मुदत वाढवायची असेल तर कंपनीने उघडलेल्या गिअरच्या नोंदी मांडाव्यात: किती उघडली, किती गंजलेली निघाली, चीर किती वेगाने वाढते. उड्डाणांचा आणि वर्षांचा हिशेब वेगवेगळा द्यावा. एकातली सूट दुसऱ्यात वापरू नये. पर्यायी गिअर-व्यवस्था ठरावीक काळाने प्रत्यक्ष चालवून पाहिल्याची नोंद असावी. विमानात माणसं बसतात की खोकी, यावरून यातलं एकही कलम सैल होऊ नये. हा पुरावा कंपनीने स्वतःहून दिला नाही तर नियामकाने तो मागावा, आणि तो हाती येईपर्यंत मुदतीच्या रकान्यात उत्पादकाचाच आकडा राहू द्यावा.